पाचवे शील आणि गिलानसेवा



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली, तेव्हा त्रिशरण आणि पंचशील यांच्या जोडीला बावीस प्रतिज्ञाही दिल्या. पंचशीलातील पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. तरीही दारू न पिण्याची प्रतिज्ञा बाबासाहेबांनी बाविसांत पुन्हा वेगळी घातली. आपल्या वस्त्यांतला संसार कोठे बुडतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्याआधी एकोणतीस वर्षे, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी बजावले होते की, नवरा असो वा मुलगा, तो दारुडा असेल तर त्याला जेवू घालू नका.

वाचकहो, जो दारू पीत नाही त्याच्यासाठी एवढे पुरेसे आहे. पण जो आधीच तिच्यात रुतला आहे, त्याचे आपण काय करतो? सिंदखेड राजापासून संग्रामपूरपर्यंत आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके आहेत. कोणत्याही तालुक्यातल्या विहारात जा, पंचशील खणखणीत आवाजात म्हटले जाते. आणि त्याच विहाराच्या मागच्या गल्लीत एखाद्या घराचे दार दिवेलागणीनंतर आतून लावलेले असते. त्या घरातली बाई विहारात यायला लाजते. तिचा नवरा तर येतच नाही. आपण म्हणतो, "तो कसला बौद्ध?" आणि विषय मिटवतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत कोणी झिंगून नाचला की गावात आपली मान खाली जाते, म्हणून आपला राग आणखी वाढतो. राग समजण्यासारखा आहे. पण रागाने कोणाची दारू सुटत नाही. तो फक्त ती लपवायला शिकतो.

पाचव्या शीलाचे पाली शब्द नीट पाहा. त्यात 'पमादट्ठान' हा शब्द आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. जेथे पाऊल ठेवले असता माणसाची सावधता जाते, ती जागा म्हणजे प्रमादस्थान. आणि प्रत्येक शीलाच्या अखेरीस 'सिक्खापद' हा शब्द येतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याची पायरी. म्हणून तर पंचशील एकदा घेऊन संपत नाही. लग्नात, नामकरणात, पौर्णिमेला, पुण्यानुमोदनाला आपण ते पुन्हा पुन्हा ग्रहण करतो. मी शाळामास्तर आहे. पाढा चुकला म्हणून मुलाचे नाव हजेरीपटावरून काढायचे नसते. त्याला पुन्हा म्हणायला लावायचे असते, आणि तरीही जमेना तर त्याला फळ्यावरचे दिसते का, कानाने नीट ऐकू येते का, हे तपासून घ्यायचे असते. कधी दोष अभ्यासाचा नसतो, डोळ्यांचा असतो. आणि छडीने डोळे बरे होत नाहीत.

आपल्यात मात्र एक जुनी खोड राहून गेली आहे. पूर्वी आपले लोक अंगारा लावीत, गंडा बांधीत, कोणी गळ्यात माळ घालून दारू सोडू पाही. आता त्याच आशेने आपण विहारात नेऊन प्रतिज्ञा म्हणवून घेतो, आणि महिन्याने तो पुन्हा प्याला की त्याला खोटारडा ठरवतो. बंधूंनो, प्रतिज्ञा हा गंडा नव्हे. प्रतिज्ञेने वाट ठरते. वाट चालायला पाय लागतात, आणि पाय मोडलेला असेल तर आधी वैद्य लागतो. प्रतिज्ञेकडून जादूची अपेक्षा करणे म्हणजे सोडलेला धर्म नव्या कपड्यात घरी परत आणणे होय.

विनयपिटकात आयुष्मान सागताची कथा आहे. या भिक्षूने एका भयंकर नागाला नमवले. कोसंबीच्या उपासकांना एवढा आनंद झाला की, भिक्षेला गेला त्या त्या घरी त्यांनी त्याला मद्य पाजले. परत येताना सागत नगराच्या वेशीत कोसळला. भिक्षूंनी त्याला उचलून विहारात आणले आणि तथागतांच्या दिशेला डोके करून निजवले. झोपेत तो वळला आणि तथागतांकडेच पाय करून पडला. एरवी आदराने वागणारा हा भिक्षू आज आदर करण्याच्या स्थितीत तरी आहे का, हे तथागतांनी भिक्षूंच्या ध्यानात आणून दिले. मद्यपानाविरुद्धचा नियम येथे घालून दिला गेला. पण तो नियम पाचित्तिय वर्गातला आहे, म्हणजे अपराध कबूल करून शुद्ध होण्याचा. ज्या चार पाराजिक दोषांनी भिक्षू संघाला मुकतो, त्यांत मद्यपान नाही. सागताला संघाबाहेर काढले नाही. तेजोधातूत निपुण असलेल्या भिक्षूंत अग्रगण्य म्हणून याच सागताचे नाव अंगुत्तर निकायात आहे. आणि हेही विसरू नका की, त्याला पाजणारे हात उपासकांचेच होते. हळदीला, वरातीला, निवडणुकीला आपणही तेच करीत नाही काय?

कोणी विचारील, "त्याने आपल्या हाताने पेला उचलला, मग त्याला आजारी कसे म्हणायचे?" याचे उत्तर आपल्याच धम्मात, कार्यकारणाच्या नियमात आहे. पहिला घोट त्याचा होता. पण वर्षानुवर्षे रोज दारू पोटात गेली की शरीर तिच्याप्रमाणे बदलते. दारू मेंदूला सुस्त करते. म्हणून मेंदू आपले काम चालू ठेवण्यासाठी आतून स्वतःला अधिकाधिक ताणून धरतो. चढावर ओझ्याची गाडी ओढणारा बैल अंगातला सगळा जोर लावून असतो. अशा वेळी मागचा दोर एकाएकी तुटला तर काय होईल? बैल तोंडघशी पडेल. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर हेच होते. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काही जणांची शुद्ध हरपते. नसलेली माणसे दिसतात, आवाज ऐकू येतात, अंगावर किडे चढल्याचा भास होतो, ताप चढतो. डॉक्टर याला दारू तुटल्याचा वात म्हणतात. उपचार झाले नाहीत तर यात माणूस मरू शकतो.

हा तिसरा दिवस प्रत्येक बौद्ध घराने समजून घेतला पाहिजे. समजा, एखाद्याचा मोटारसायकलवरून पडून पाय मोडला आणि त्याला दवाखान्यात भरती केले. घरच्यांनी लाजेपोटी तो रोज पितो हे सांगितले नाही. तिसऱ्या रात्री तो ओरडू लागला, सलाईन उपसू लागला. किंवा एखाद्याने पौर्णिमेला प्रतिज्ञा घेतली, निश्चयाने दारू बंद केली आणि तिसऱ्या रात्री भिंतीशी बोलू लागला. घरचे म्हणतात, याला बाहेरचे काहीतरी लागले! मग भगत येतो, किंवा गाडी करून पिंपळगाव सराईला सैलानीबाबांच्या दर्ग्यावर नेतात. तेथे सर्व जातीधर्मांचे लोक श्रद्धेने जातात. त्यांच्या श्रद्धेवर बोलणे हा आजचा विषय नाही. बोलणे बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराशी आहे. भूतबाधा नाही असे आपण सभेत सांगतो. मग त्या रात्री आपल्या दारात काय उभे आहे, हे आपल्याला ओळखता आले पाहिजे. ते तुटलेल्या दारूचे परिणाम आहेत. त्या रात्री १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे हेच धम्माचरण होय.

म्हणून ज्याचे हात सकाळी थरथरतात आणि एक घोट घेतला की थांबतात, ज्याला पूर्वी फिट आलेली आहे, त्याला घरी कोंडून दारू तोडायला लावू नका. आधी डॉक्टरकडे न्या. डॉक्टर मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या ठरलेल्या मात्रेत देतात आणि आठ-दहा दिवसांत त्या कमी करीत आणतात. शरीरात बी-१ जीवनसत्त्व फार कमी झालेले असते, ते इंजेक्शनने भरून काढतात. 'एक ग्लुकोजची सलाईन लावा आणि सोडा' हा उपाय नव्हे. बी-१ न देता नुसती ग्लुकोज दिली तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. आणि या गोळ्या आपल्या मनाने दुकानातून आणू नयेत, त्यांचीही सवय लागते. हा पहिला आठवडा संपला म्हणजे उपचार संपले असेही नाही. पिण्याची ओढ कमी करणारी औषधे आणि समुपदेशन पुढे काही महिने चालते. पुन्हा घसरला तर पुन्हा न्यायचे. मधुमेहाच्या रोग्याची साखर वाढली म्हणून त्याची औषधे कोणी बंद करतो काय?

'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर रंगवलेल्या असतात. त्यांच्या नादी लागू नका. डायसल्फिराम नावाच्या औषधावर दारू प्याली तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली, रोग्याच्या संमतीने ते घ्यायचे असते. भाजीत चोरून घातले तर प्राणावर बेतू शकते. शिवाय ज्या धम्माचा पाया स्वतः जाणून घेण्यावर आहे, त्यात फसवून शुद्धी कशी होईल?

आता कोठे जायचे ते सांगतो. प्रथम आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना खरे सांगावे. तेथून पुढची चिठ्ठी मिळते ती बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयाची. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात व्यसनाचे उपचार येतात. त्यासाठी वेडा ठरावे लागत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनामूल्य आहेत. खामगाव-शेगावकडच्या लोकांना अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते, आणि विदर्भासाठी नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. गावात तोंड उघडायची लाज वाटत असेल तर फोन आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. १४४१६ हा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत, आणि फोन घरच्या माणसानेही करावा.

हा उपचार कोणाचा उपकार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अंमली पदार्थांमुळे होणारे मनाचे आजार आपल्या व्याख्येत घेतले आहेत, आणि सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. त्याच कायद्याने रोग्याला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे. एखाद्या खाजगी केंद्रात मारहाण होत असेल, घरच्यांना भेटू देत नसतील, तर ते व्यसनमुक्ती केंद्र नव्हे. चांगले केंद्र कसे असते याचा नमुना महाराष्ट्रापुढे आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे रोग्याला माणूस म्हणून वागवले जाते.

इतके असूनही लोक पोचत नाहीत. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत असे आढळले की, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो. भरती होऊन उपचार घेणारा तर १८० मध्ये एक. बाकीचे कोठे आहेत? त्यातले कित्येक आपल्या 'तो कसला बौद्ध' या शब्दाआड दडलेले आहेत.

जुगाराचेही असेच आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मद्यपानाचे सहा आणि जुगाराचेही सहा तोटे मोजून दाखवले. जिंकला तर वैर, हरला तर गेलेल्या धनाचा शोक. सभेत शब्दाला किंमत नाही, मित्रांत मान नाही, आणि लग्नासाठी मुलगी द्यायला कोणी तयार नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी मटक्याला लागू होती आणि मोबाइलवरच्या रमीलाही लागू पडते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायद्याने दुकान बंद होते. डोक्यातली ओढ बंद होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत जुगाराचे व्यसन दारूच्या शेजारी बसवले आहे. म्हणून त्याचा उपचारही त्याच दारात मागावा. कर्ज फेडून देणे हा उपचार नव्हे. फेडलेल्या कर्जावर नवा डाव मांडला जातो.

भगिनींनो, महाडचा आदेश आजही खरा आहे. त्याचे खोटे झाकू नका, त्याच्यासाठी उसने काढू नका, त्याच्या मालकाला खोटी कारणे सांगू नका. मुलीची शाळा बुडवून तिला मजुरीला पाठवू नका. मारहाण होत असेल तर करुणेच्या नावाखाली सोसू नका. १८१ आणि ११२ हे क्रमांक त्यासाठीच आहेत. पण ज्या दिवशी तो शुद्धीवर असताना म्हणेल, "मला यातून सुटायचे आहे," त्या दिवशी दवाखान्याची वाट तुम्हाला आधीच माहीत असली पाहिजे.

शेवटी विहाराचे कर्तव्य. एका भिक्षूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच मलमूत्रात पडला होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून इतर भिक्षूंनी त्याच्याकडे पाहिले नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, स्वतःच्या हाताने पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर निजवले. आणि भिक्षूंना शिकवले की, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. याला गिलानसेवा म्हणतात. त्याच प्रसंगी सेवा करायला सोपा रोगी कोणता, हे त्यांनी सांगितले: जो पथ्य पाळतो, प्रमाण ओळखतो, औषध घेतो, दुखणे खरे सांगतो आणि वेदना सोसतो. सेवक कसा असावा, हेही सांगितले: औषध देता येणारा, पथ्य-कुपथ्य जाणणारा, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणारा, ओकारी-थुंकी काढताना किळस न करणारा, आणि वेळोवेळी धम्माच्या चार गोष्टी सांगून धीर देणारा.

यातले एकही लक्षण जुने झालेले नाही. प्रत्येक विहाराने असे दोन गिलानसेवक निवडावेत. त्यांनी रोग्याबरोबर एस.टी.ने बुलढाण्याला जावे, केसपेपर काढावा, डॉक्टरला त्याचे रोजचे प्रमाण खरे सांगायला लावावे, पहिल्या आठवड्यात घरी रात्री सोबत बसावे, पुढची तारीख लक्षात ठेवावी. त्याचे नाव चावडीवर येऊ देऊ नये. जवळपास अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची बैठक भरत असेल तर तेथे पोचवावे. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी एकमेकांच्या आधाराने ती सुरू केली. त्यांच्या बोलण्यात ईश्वर येतो म्हणून बिचकू नये. आपण तेथे संघाचा आधार मानावा. आणि तो परत आला की त्याला विहारात मागच्या रांगेत बसवू नये. पंचशील म्हणताना त्याचा आवाज कापेल. कापू द्या. पाचवे शील त्याच्याइतके समजून त्या विहारात दुसरे कोणी म्हणत नसेल.

नमो बुद्धाय. जयभीम.